पिल्लांची कोंबडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कालपासून पाच पिल्लं निघालीत, पण कोंबडी उठायचं नाव घेत नाही. पिल्लं उपाशी राहतील का?

नाही. कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोनेक दिवस निभावतं. कोंबडी थांबलीय ती अजून न फुटलेल्या अंड्यांसाठी. एकविसावा दिवस जवळ आला की पिल्लं कवचातूनच चिवचिवतात आणि ती हलक्या आवाजात त्यांना ओ देते. शांतपणे ऐका, ऐकू येईल. पिल्लं घरात आणू नका. उथळ ताटलीत पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही.

प्रश्न : ती दाणा उचलते, टाकते, परत उचलते, सारखी कुकुक करते, पण खात नाही. चोचीला इजा असेल का?

चोच ठणठणीत आहे, ती पिल्लांना खायला शिकवतेय. चोच मारणं पिल्लांना उपजत येतं, पण काय खावं हे कळत नाही. खडा दिसला तरी टोचतात. आई दाण्याकडे बोलावते. वाळवीसारखं आवडीचं काही सापडलं, तर तिची हाक आणखी घाईची होते. पिल्लं नको ते खाताना दिसली, तर ती स्वतःच जोरात उकरायला, टोचायला लागते आणि त्यांना आपल्याकडे ओढते. घार दिसल्यावरची तिची हाक वेगळीच असते. ती कानावर पडताच पिल्लं पंखाखाली किंवा झुडपात शिरतात.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लांच्या अंगावर हवेचा हलका झोत सोडला, तेव्हा नुसतं पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. म्हणून सांगते, पिल्लं उगाच हातात घेऊ नका. तिला ते सोसत नाही.

प्रश्न : विकत आणलेली पिल्लं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली सोडता येतील?

येतील, पण ती दोन-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच. अंधार पडल्यावर एकेक करून पोटाखाली सरकवा. सकाळी उजाडायच्या आत जाऊन पाहा. ती टोचत असेल, तर लगेच काढून घ्या.

प्रश्न : आई सोबत असली तरी लस द्यायची का?

द्यायचीच. मानमोडी (राणीखेत) हा कोंबड्यांचा रोग आईच्या मायेने टळत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालावा. पुढचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या.

प्रश्न : दीड-दोन महिने जिवापाड जपलं, आता तीच पिल्लांना टोचून हाकलते. ती बिघडली का?

मुळीच नाही. पिल्लांना पिसं आली, त्यांना तिच्या उबेची गरज उरली नाही. ती आता परत अंड्यावर येईल. मध्ये पडू नका. खुराड्यात पिल्लांसाठी बसायला वेगळी दांडी बांधा आणि दाणा दोन ठिकाणी टाका. पहिले काही दिवस संध्याकाळी पिल्लं मोजूनच दार लावा. आईविना बाहेर राहिलेलं पिल्लू मुंगसाच्या तावडीत सापडतं.