हात कधी सोडायचा?

मुलांना एखादी गोष्ट शिकवताना आईवडील कुठे अडतात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पत्रं लांब होती, ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. दोन वर्षं मागच्या आधाराच्या चाकांवर सायकल चालवते आहे. चाकं काढली, सीट धरून मी मागून धावतो, पण हात सोडला की ती पडते. आता सायकल म्हटलं की रडायला लागते. (एक वडील, साखळी, गोवा)

उत्तर : दोन वर्षांत ती पेडल मारायला शिकली. तोल सांभाळायला शिकली नाही, कारण आधाराची चाकं तोल जाऊच देत नाहीत. वर एक उलटी सवयही लागली. दोन चाकांवर सायकल डावीकडे कलली तर हँडल डावीकडेच थोडं वळवावं लागतं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. आधाराच्या चाकांवर मूल वळणावर बाहेरच्या बाजूला कलतं. तुम्ही सीट धरून धावता तेव्हाही तोल तुमच्याच मनगटात असतो, तिला त्याचा पत्ताच लागत नाही.

आधी आठवडाभर सायकलचं नाव काढू नका. मग आधाराच्या चाकांबरोबर दोन्ही पेडलंही काढून टाका. बहुतेक सायकलींना पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटतं, डावं मात्र घड्याळाच्याच दिशेने, कारण डावीकडचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलं की माणूस डावं पेडल सोडवायला बसतो आणि आणखी आवळून ठेवतो. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे पुरते जमिनीला टेकतील. नुसत्या चवड्यांवर उभी राहत असेल तर सीट अजून उंच आहे.

जागा सपाट, घट्ट आणि अगदी किंचित उताराची हवी. देवळासमोरचं फरसबंद आंगण किंवा शाळेचं मैदान चालेल. सुट्ट्या खडीची लाल वाट नको, पुढचं चाक घसरतं. दाट गवतही नको. सायकल तिथे रेंगाळते, आणि सायकल जितकी सावकाश तितका तोल अवघड.

आता तिने बसून नुसतं चालायचं, मग लांब ढांगा टाकायच्या, मग दोन्ही पाय उचलून एक-दोन-तीन म्हणायचं. दिवसाला वीस मिनिटं पुरेत. तिला मजा येत असतानाच थांबवा. ब्रेक याच वेळी शिकवा, तेही दोन्ही एकदम दाबायला. बोटं दांड्यापर्यंत पोचत नसतील तर दांड्याजवळचा छोटा स्क्रू आत घेऊन दांडा जवळ आणता येतो. बऱ्याच मुलांना ब्रेकची भीती वाटते ती केवळ हात पुरत नाही म्हणून.

पाय वर धरून पाच-सहा सेकंद सरळ जाता आलं, हलकं वळताही आलं, की पेडलं परत बसवा. निघताना एक पेडल घड्याळात दोन वाजल्यावर काटा असतो तिथे असू द्या, म्हणजे पहिल्याच दाबाला वेग मिळतो. नजर पाच-सहा मीटर पुढे ठेवायला सांगा, चाकाकडे पाहणारं मूल चाकापाशीच पडतं. धरायचंच असेल तर तिला काखेखाली धरा, सायकलला हात लावू नका. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

प्रश्न : मुलगा साडेसहा वर्षांचा. बुटाची नाडी बांधायला शिकवते, पण बस चुकेल या धास्तीने शेवटी मीच बांधून टाकते. संयम आणायचा कुठून? (एक आई, पर्वरी)

उत्तर : शाळेची बस दाराशी आल्यावर संयम कुणालाच नसतो. सकाळी खुशाल तुम्हीच बांधा. शिकवणं संध्याकाळी, बूट पायात न घालता, मांडीवर किंवा टेबलावर ठेवून. बसा त्याच्या शेजारी. समोर बसलात तर त्याला सगळं उलटं दिसतं.

शेवटापासून सुरुवात करा. सगळं तुम्ही बांधा, फक्त फुलगाठीचे दोन कान ओढून आवळणं त्याचं. तीन-चार दिवसांनी दुसरा कान फटीतून बाहेर काढणंही त्याच्याकडे द्या, मग पहिला कान करणं, असं मागे मागे या. रोज बांधलेली गाठ त्याच्या हातून पुरी होते, अर्धवट सोडून उठावं लागत नाही. पहिल्या पायरीपासून शिकवलं की मूल दरवेळी अडून थांबतं, आणि आपला आवाज चढतो तो तिथेच. शर्टाची बटणं, दप्तराची चेन, कंपासचं झाकण, सगळीकडे हाच क्रम चालतो.

नाडी चपटी, सुती घ्या. गोल गुळगुळीत नाडी मोठ्यांचीही सुटते. अर्धी नाडी रंगवून घेतली तर 'लाल निळ्याखालून' असं सांगता येतं. आणि फूल बुटावर आडवं बसण्याऐवजी टाचेपासून बोटांकडे उभं बसत असेल तर गाठ चुकीची आहे, ती सुटणारच. पहिली साधी गाठ उलट बाजूने मारली की फूल आडवं येतं.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, उंच आहे. गावातल्या गावात चालवायला स्कूटर शिकवू का? त्याचे सगळे मित्र चालवतात. (म्हापसा)

उत्तर : नाही. सोळा पूर्ण झाल्यावर लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. घराघरांतली स्कूटर 110 किंवा 125 सीसीची असते, तिला अठरा पूर्ण लागतात. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तोवर मागे बसवून रस्ता वाचायला शिकवा: पुढची बस थांबणार हे कशावरून कळलं, वळणावर हॉर्न का दिला, आरशात काय दिसतंय. ते त्याला बोलून दाखवायला लावा.

प्रश्न : नात तिसरीत, इंग्रजी माध्यमात. घरी मराठी, शेजारी कोकणी. अक्षरं ओळखते पण मराठी वाक्य वाचताना अडखळते. मी रोज बाराखडीचं एक पान गिरवून घेतो, तर ती कंटाळते. (एक आजोबा, फोंडा)

उत्तर : आजोबा, गिरवणं थोडे दिवस बंद ठेवा. गिरवण्याने बोटाला वळण लागतं, वाचन त्याने फार पुढे सरकत नाही. शिवाय क, ख, ग, घ, ङ हा क्रम उच्चाराच्या जागांचा आहे. कानाला तो सुरेख, पण डोळ्याला त्याचा उपयोग नाही. जुन्या अंकलिप्या 'ग म भ न' पासून का सुरू होत? ही अक्षरं वळणाने एकमेकांच्या जवळची, आणि चारच अक्षरांत लगेच शब्द होतात: मन, मग, नग, नभ, गगन. मग र आणि स घ्या: रस, सर, गरम, नरम, नगर, मगर. त्यानंतर काना: मान, राग, गार, सारा. पहिल्याच आठवड्यात ती शब्द वाचू लागेल, सुटी अक्षरं नव्हेत.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या असतात, त्या वेगवेगळ्या घ्या. घ आणि ध, म आणि भ यांत गोंधळ होतो. घ आणि म यांची डोक्यावरची रेघ सलग असते, ध आणि भ यांची तुटलेली. हे एकदा बोटाने दाखवलं की पुरतं. पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी, उच्चारायची नंतर, म्हणून 'दिवा' वाचताना मूल दचकतं. आधी दुसरी वेलांटी पक्की करा. ती अक्षरानंतर येते, डोळा आणि जीभ बरोबर चालतात. रफार तर आणखी फसवा. 'पर्वरी' मध्ये तो बसलाय व च्या डोक्यावर, पण म्हणायचा व च्या आधी. गावांचीच नावं घ्या, ती तिच्या कानात आधीपासून आहेत. 'म्हापसा' आला की 'म्ह' वेगळा शिकवावा लागत नाही.

शेवटची अडचण मराठीच्या स्वभावातली. नारळ लिहितो, पण शेवटच्या ळ मधला अ म्हणत नाही. मूल एकेक अक्षर पुरं उच्चारतं आणि शब्द ओळखू येत नाही. तेव्हा म्हणा, "आता हेच आपण बोलतो तसं म्हण."

वेळ रोज दहा मिनिटं, ठरलेली. एक ओळ तुम्ही बोट ठेवून वाचा, तीच ओळ मग तिने. अडली तर मनात पाचपर्यंत मोजा. ते पाच आकडे फार लांब वाटतात, पण बहुतेक वेळा चौथ्या आकड्याला शब्द येतो. नाही आला तर सांगून टाका आणि पुढे चला, 'कालच तर सांगितलं होतं' हे नको. बसच्या पाट्या वाचायला लावा: पणजी, मडगाव, वास्को, काणकोण. शेजारच्या मैत्रिणीचं कोकणीचं पुस्तक वाचलं तरी चालेल. लिपी देवनागरीच, तेवढंच वाचन झालं. तिथे भाषेची भांडणं नकोत.

प्रश्न : आम्ही नदीत कमरेला सुके नारळ बांधून पोहायला शिकलो, भावाने तर सरळ ढकललं होतं. मुलगा दहाचा, पाण्याला भितो. तसंच करू का? (काणकोण)

उत्तर : ढकलू नका. घाबरलेलं मूल श्वास आत ओढतं, आणि त्या क्षणी तोंड पाण्यात असतं. नारळ कंबर वर उचलतात, डोकं उचलत नाहीत, आणि ओली दोरी सरकते. ज्यांचं निभावलं त्यांच्याच आठवणी आपण ऐकतो.

छातीइतकं, तळ दिसणारं स्थिर पाणी शोधा. पहिले दोन-तीन दिवस फक्त श्वास: तोंडाने घ्यायचा, चेहरा पाण्यात घालून नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. सलग दहा वेळा जमेपर्यंत पुढे जायचं नाही. मग छाती भरून श्वास घेऊन, गुडघे पोटाशी धरून गोळा व्हायचं. अंग आपोआप वर येतं. भीती खरी जाते ती इथे, कारण बुडायचा प्रयत्न करूनही बुडता येत नाही हे त्याला कळतं. यानंतर लगेच पुन्हा पायांवर उभं राहायचा सराव घ्या, तो लोक विसरतात. मग पाठीवर तरंगणं, कान पाण्यात, पोट वर. मान उचलली की कंबर खाली जाते. पुढे भिंतीला पाय रेटून सरकणं, त्यात पायांची भर, आणि हात सर्वांत शेवटी. तुम्ही पाण्यातच, हाताच्या अंतरावर असायला हवं. काठावर खुर्ची टाकून नव्हे.

पावसाचं पाणी साठलेल्या चिरेखाणीत, म्हणजे जांभा दगड काढलेल्या खड्ड्यात, कधीच नको. कडा सरळ कापलेल्या, पाय टेकायला उतार नाही, तळ दिसत नाही. नदीच्या मुखाजवळ भरती-ओहोटीची ओढ असते. जून ते सप्टेंबर समुद्र वर्ज्य, आणि लाल बावटा असेल तर कुठल्याही महिन्यात.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलाला चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीत घुमट, म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य, वाजवायचं आहे. ठेका धावतो, काका ओरडतात, मग तो घुमट ठेवून देतो. महिनाच उरलाय. (डिचोली)

उत्तर : घुमटावर दोन हातांना दोन कामं असतात. उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाक करतो. ही दोन्ही कामं एकदम दिली की मूल घाईला येतं. पहिला आठवडा घुमट नकोच. ठेक्याचे बोल तोंडाने म्हणायचे, मांडीवर हाताने धरायचे. दुसऱ्या आठवड्यात फक्त उजवा हात, मागचं तोंड उघडंच. डावा हात तिसऱ्या आठवड्यात, आरतीच्या निम्म्या लयीत. काकांची आरती मोबाईलवर रेकॉर्ड करून मंद वेगाने लावली तर बरोबर वाजवायला साथ मिळते.

ठेका धावतो तो बहुतेक रिकाम्या मात्रेवर. हाताला गप्प बसवत नाही. त्या मात्रेला 'थांब' असा शब्द म्हणायला द्या. आणि कातडं तपासा. पावसाळी हवेत बकऱ्याचं कातडं सैल पडतं, बोल उठत नाही, म्हणून मूल जोर लावतं आणि जोराबरोबर लय वाढते. कोवळ्या उन्हात ठेवून ताणलं जाऊ द्या. जाळावर धरू नका, तडकतं.

काकांना एकच विनंती करा: वाजवत असताना काही बोलू नये, संपल्यावर एकच चूक सांगावी. यंदा त्याने पहिल्या आरतीची पहिली दोन कडवी वाजवावीत, लय संथ असते तेवढीच. गाणारे चढू लागले की घुमट काकांकडे द्यावं आणि स्वतः कासाळे (झांजा) घ्यावेत. दीड दिवसांचा गणपती असला तरी चार-पाच आरत्या होतात, तेवढा सराव पुरेसा आहे. पुढल्या चवथीला एक कडवं वाढवा.