गिरणीच्या सपाट पट्ट्याचा जोड सारखा तुटतो, टिकाऊ मेटल क्लिप कशी बनवायची?

पहिलं म्हणजे पट्टा सहसा क्लिपमुळे नाही, भोकापाशी फाटतो. त्यामुळे जाड पत्रा घेऊन मोठे बोल्ट मारायचा विचार सोडा, ती चूक बरेच जण करतात. ताण भोकाच्या कडेवर येऊ द्यायचा नाही, क्लिपच्या वरच्या-खालच्या प्लेटच्या पकडीवर घ्यायचा, म्हणून क्लिपला बारीक आणि जास्त दात ठेवा, टोकदार, म्हणजे ते पट्ट्यातल्या कापडाचे धागे न तोडता बाजूला सारून आत जातात, आणि दोन ओळी एकाआड एक, नाहीतर भोकं एका रेषेत येऊन पट्टा तिकिटासारखा फाटतो.

हिशोब बघा, मोटर ५ एचपीची धरली तर ३.७ किलोवॅट, पट्ट्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरला तर ओढ ३७० न्यूटन, म्हणजे साधारण ३८ किलो. पण त्यात पट्टा बसवतानाच दिलेला आधीचा ताण आणि चालू करतानाचा झटका मिळवा, मी तर तिप्पट-चौपट धरूनच डिझाईन करेन.

जोड बिजागरीसारखा करा, मधे पिन. क्लिप पट्ट्याच्या लांबीत जितकी आखूड तितकी छोट्या पुलीवर नीट वळते, लांब असली की दर फेरीला वाकून वाकून कडेला चीर जाते. पिन क्लिपपेक्षा मऊ ठेवा, झिजली की स्वस्तात बदलता येते. ओलावा असेल तर स्टेनलेस घ्या.

आणि पट्ट्याचं टोक गुण्या (काटकोन मापायचं साधन) लावूनच कापा हो, तिरकं कापलं तर सगळा ताण एकाच बाजूच्या दातांवर जातो.