ग्वाल्हेरमध्ये वाढलेल्या, हिंदीतून शिकलेल्या मुलीला पहिले अभिजात मराठी पुस्तक कोणते द्यावे?

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे प्रवासवर्णन द्यावे. कादंबरीपासून सुरुवात करण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळजण देतील. परंतु ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या घरच्या मुलांना मी हेच पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले आहे आणि ज्या फुलबागेवरून ती रोज शाळेत जातात, तिथल्या समाधीतील झाशीची राणी लक्ष्मीबाई या पानांत तहानलेली, दमलेली अशी समोर येते, तेव्हा मुले पुस्तक मिटू देत नाहीत, हा माझा अनुभव आहे. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने 1857 मध्ये कोकणातील वरसईहून निघालेला हा गरीब भिक्षुक बंडाच्या धुमाळीत सापडतो, झाशीचा वेढा आतून पाहतो आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परततो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते, तो प्रसंग अवश्य वाचून दाखवावा: विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावे हे तिला रुचत नाही, ती स्वतःच पाणी शेंदते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये छापलेल्या आवृत्तीत मूळ मजकुरावर बराच संपादकीय हात फिरलेला आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या 1966 च्या आवृत्तीत मिळतो. त्यातील जुनी वाक्यरचना मुलीला एकटीने वाचताना जड जाईल, म्हणून पहिली काही पाने आपण सोबत बसून वाचावीत.