स्तनांची वाढ कमी आहे, बाळाला दूध पुरेल का? (ठाणे)

छाती लहान म्हणजे दूध कमी, हे खरं नाही. आकार बराचसा चरबीमुळे असतो, दूध ग्रंथींत बनतं. दोन स्तनांत ४ सेंमीपेक्षा जास्त अंतर, नळीसारखा आकार, गरोदरपणात अजिबात न भरणं, हे सगळं एकत्र दिसलं तर ग्रंथी कमी असण्याची शंका घ्या. तरी खरं उत्तर बाळ देतं: पाचव्या दिवसापासून रोज किमान ६ लंगोट ओले, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घटलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही चालेल. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजा, दूध कमी पडत असेल तर पाजल्यानंतर १०-१५ मिनिटं पंप करा. उरलेली गरज डॉक्टर सांगतील त्या फॉर्म्युलाने, वाटी-चमच्याने भागवा. अंगावरचं मात्र सोडू नका. शतावरी-अळिवाने नव्या ग्रंथी तयार होत नाहीत, आणि यात तुमचा काहीही दोष नाही.