बोटं सोलतात म्हणून गिटार सोडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मामेभावाकडून आलेली जुनी, स्टीलच्या तारांची गिटार, तीन आठवड्यांचा सराव, बोटं सोललेली, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर) लागत नाही. घर गोव्यातल्या फोंड्याला, घरात पेटी आहे आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरत्यांना साथ करायची आहे. ‘माझी बोटंच आखूड आहेत का?’

नाहीत. एफ तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना लागत नाही, ती सध्या सोडा. आधी गिटार तपासा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पुढची फळी ब्रिजपाशी (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपाशी) फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. मग कितीही दाबलं तरी सूर फुटका येतो आणि बोटं सोलतात.

एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. तीन कार्डं एकत्र धरून बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली सरकवा. अलगद बसली तर उंची ठीक. चार कार्डं जाऊनही फट उरत असेल तर उंची जास्त आहे. (नायलॉनच्या तारांना हे माप लावू नका, त्या मुळातच उंच असतात.) आता सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्यापाशी पाहा. व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर मान वाकली आहे. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई, पाव फेरा घट्ट करायचा, तारा पुन्हा सुरात लावून परत पाहायचं. मान सरळ असूनही तारा उंच असतील तर ट्रस रॉडला हात लावू नका, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) खालून घासावं लागेल. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायला सॅडल २ मिमी घासतात, इथेच बरेचजण चुकतात. नीट येत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आणखी एक खूण: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावल्यावर वाजवणं एकदम सोपं झालं, तर नटच्या (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत. पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्ड दुखतात त्या यामुळेच.

तारा गंजल्या असतील तर नव्या घाला, ०.०१० चा संच घ्या (सगळ्यात बारीक तारेची इंचातली जाडी). आवाज थोडा पातळ येईल, पण बोटं वाचतील. वाजवून झालं की सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा.

पेटी असल्याने तुमचं निम्मं काम झालेलं आहे. पेटीच्या पट्ट्यांवर सहावीकडून पहिलीकडे तारा अशा: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन. जुनी पेटी बहुधा ४४० ला (ए म्हणजे पांढरी सहाच्या प्रमाण सुराला, हर्ट्झमध्ये) नसते. मग मोबाइलचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि साथ मात्र बेसूर लागते. म्हणून गिटार पेटीला मिळवा, नाहीतर ट्यूनरमधला ४४० चा आकडा पेटीप्रमाणे बदला. गाणारा काळी एकमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी, एफ, जी. एफ नको असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए, डी, ई. काळी चार असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी, सी, डी. कॅपो फ्रेटला अगदी चिकटून लावा, नाहीतर तारा खरखरतात.

सुरुवात एएम (ए मायनर), सी, ई या तीन कॉर्डपासून करा. एएमवरून सीला जाताना फक्त अनामिका हलते: तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच. एएमवरून ईला जाताना तिन्ही बोटांचा तोच आकार एकेक तार जाड बाजूला सरकतो. मिनिटभर घड्याळ लावून बदल मोजा. तीस स्वच्छ बदल झाले की जी आणि डी घ्या. बोट फ्रेटच्या डोक्यावर नव्हे, त्याच्या लगेच मागे टेकवा. तिथे निम्म्या जोरात सूर निघतो. सलग तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पुरे. सोललेल्या कातडीवर दाबत राहिलात तर घट्टे पडणार नाहीत, जखम होईल.

उजव्या हाताला दादरा द्या, सहा मात्रा: खाली-वर-खाली, वर-खाली-वर. पहिलीवर जोर, चौथीवर हलका. दुलपदाची (गोव्यातल्या कोंकणी नाचगाण्याची) चालही सहाचीच, फक्त लय चढी.

शिक्षक हवा असेल तर पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी करा.

पावसात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीची ओल ती शोषते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि दाण्यांचा रंग बदलला की बदला. डांबराच्या गोळ्यांनी कसर जाते, ओल नाही.

चवथीच्या दिवशी आरतीच्या आधीच पेटीला सूर मिळवून घ्या, घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) सुरू झाल्यावर ट्यूनरलाही काही ऐकू येणार नाही.