गुंतवणूक क्लबच्या हिशोबासाठी कोणतं ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा बारा जणांचा गुंतवणूक क्लब आहे, म्हणजे सगळे मिळून वर्गणी काढता आणि त्यातून शेअर घेता; चार वर्षं हिशोब एक्सेलमध्ये चालला, ती शीट बनवणारे सभासद आता क्लब सोडतायत आणि खजिनदारपद तुमच्याकडे आलंय. दुकान-धंद्यासाठीचं नेहमीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर चालेल की क्लबसाठीच बनवलेलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षं आमच्या क्लबचा खजिनदार आहे आणि त्यातली पहिली तीन वर्षं एक्सेलवरच काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो : जे सॉफ्टवेअर युनिट पद्धतीने, म्हणजे प्रत्येक सभासदाचा वाटा युनिटमध्ये मोजून, हिशोब ठेवत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी क्लबसाठी घेऊ नका.

क्विकबुक्स किंवा झोहो बुक्ससारखी सॉफ्टवेअर त्यांच्या कामात उत्तम आहेत. पण बिलं, येणी-देणी आणि नफा-तोटा यांसाठी ती बनली आहेत. क्लबचा मूळ प्रश्न वेगळाच असतो : आज या घटकेला, आजच्या बाजारभावाने, या सभासदाचा वाटा किती? याचं उत्तर ती देत नाहीत, मग आपण बाजूला पुन्हा एक एक्सेल शीट उघडतो आणि जिथून निघालो तिथेच परत येतो. शेअरचा पोर्टफोलिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपचं उलटं असतं. शेअरची किंमत ती अचूक दाखवतात, पण त्यात कोणाचा किती हिस्सा आहे याचा त्यांना पत्ता नसतो.

युनिटचं गणित अगदी छोट्या आकड्यांवर करून पाहू, कारण हेच तुम्हाला पुढे चाचणीसाठी वापरायचं आहे. पाच जणांनी १,००० प्रत्येकी भरले. युनिटचा सुरुवातीचा भाव १० धरला, म्हणजे प्रत्येकी १०० आणि एकूण ५०० युनिट. ४,००० चे शेअर घेतले, दलाली २० गेली, हाती रोकड राहिली ९८०. काही महिन्यांनी शेअरची किंमत ५,०२० झाली. क्लबची एकूण मालमत्ता ६,०००, म्हणून युनिटचा भाव ६,००० भागिले ५००, म्हणजे १२. आता सहावा सभासद येतो आणि १,२०० भरतो. त्याला १०० युनिट मिळायला हवेत. मग मालमत्ता ७,२००, युनिट ६००, भाव पुन्हा १२. कुणाचं काही गेलं नाही, कुणाला फुकट काही मिळालं नाही.

त्याला जुन्याच १० च्या भावाने १२० युनिट दिले तर? भाव ११.६१ वर उतरतो. नव्या सभासदाचे १,२०० त्याच दिवशी १,३९३ होतात आणि ती वाढ जुन्या पाच जणांच्या खिशातून गेलेली असते.

याच्या उलटी चूक मी स्वतः अनुभवली आहे. आम्ही पहिल्यांदा जे सॉफ्टवेअर घेतलं, ते आलेली वर्गणी आधी मालमत्तेत मिळवायचं आणि मग भाव काढून युनिट द्यायचं. वरच्या उदाहरणात असं केलं तर भाव निघतो ७,२०० भागिले ५००, म्हणजे १४.४०. नव्या सभासदाला ८३.३३ युनिटच मिळतात आणि त्याचे १,२०० जमा होता होताच साधारण १,०२९ उरतात. वर्षभर आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. कारण सगळ्यांचे युनिट सारखे होते आणि सगळे दरमहा सारखीच रक्कम भरत होते. अशा वेळी भाव चुकला तरी चूक सगळ्यांना सारखीच लागते आणि वाटे बरोबरच दिसतात. मग आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाईंनी सहा महिन्यांची वर्गणी एकदम भरली. त्या स्वतःचा हिशोब वहीत ठेवतात. पुढच्या बैठकीत त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली, शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. म्हणाल्या, “भरले त्याच दिवशी कमी कसे झाले?” बाजार त्या दिवशी हललासुद्धा नव्हता. त्या रात्री मी बसून सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या. त्यांचे पैसे त्यांना परत मिळाले, पण माझ्या हिशोबावर त्यांनी ठेवलेला विश्वास वहीतल्या त्या एका रेघेने वाचवला, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून कसोटी एकच ठेवा. पैसे आत येवोत की बाहेर जावोत, त्यामुळे युनिटचा भाव हलता कामा नये. भाव हलवायचा तो बाजाराने, लाभांशाने आणि खर्चाने. मोफत चाचणीच्या काळात वरचे आकडे भरा. नवा सभासद आणा, मग एका जुन्या सभासदाला पूर्ण बाहेर काढा, दुसऱ्याला अर्धे पैसे काढू द्या. प्रत्येक पायरीला १२ आले पाहिजेत. सभासद जाताना क्लब काही शुल्क कापत असेल तर तेवढ्यापुरता भाव किंचित वाढेल, तो का वाढला हे सॉफ्टवेअरने दाखवलं पाहिजे. तुमच्याकडे एक सभासद खरोखरच बाहेर पडतायत, तेव्हा हा भाग नीट तपासा. मूल्यांकनाची तारीख, म्हणजे युनिटचा भाव कोणत्या दिवसाचा धरायचा, हे क्लबच्या नियमांत ठरवून घ्या, सॉफ्टवेअर ते ठरवणार नाही.

परताव्याचा आकडा कसा काढला जातो हेही विचारा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या बिअर्ड्सटाउन या लहान गावातला महिलांचा गुंतवणूक क्लब १९८४ ते १९९३ या दहा वर्षांत दरसाल २३.४ टक्के मिळवल्याबद्दल देशभर गाजला होता. १९९८ मध्ये प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण कंपनीने हिशोब तपासला तेव्हा आकडा निघाला ९.१ टक्के. सभासदांनी वेळोवेळी भरलेली वर्गणीही वाढीत मोजली गेली होती. त्या बायकांनी कुणाला फसवायचं ठरवलं नव्हतं, असं मी मानतो. खजिनदाराच्या हातून हे किती सहज होतं ते मला ठाऊक आहे. युनिटचा भाव १० वरून १२ झाला तर क्लबची वाढ २० टक्के, मग मध्ये कुणी किती भरले याने फरक पडत नाही. सभासदाचा स्वतःचा परतावा मात्र त्याने कोणत्या तारखेला किती भरले यावरून निघतो. चांगलं सॉफ्टवेअर हे दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवतं.

क्लबसाठीच बनवलेल्यांपैकी बिव्हिओ आणि मायआयक्लब ही नावं तुमच्या वाचनात येतील. दोन्ही युनिट पद्धतीवर चालतात, पण ती अमेरिकेतल्या क्लबांसाठी, तिथल्या भागीदारीच्या करविवरणांचा विचार करून घडवलेली आहेत. क्लब दुसऱ्या देशात असेल तर करासाठीचे कागद वेगळे करावे लागतील. तुमच्या देशात क्लबची कायदेशीर नोंद कशी आहे, नफ्यावर कर क्लब भरतो की सभासद आपापल्या वाट्यावर भरतात, हे आधी कर सल्लागाराला विचारा आणि मगच सॉफ्टवेअर पाहा.

शेअरच्या बाजूने स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर होणं) आणि बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) एका नोंदीत होतात का, आणि एकच शेअर तीनदा घेतला असेल तर प्रत्येक खरेदीची तारीख आणि किंमत वेगळी राहते का, एवढं बघा. विक्रीच्या वेळी नफा त्यावरूनच निघतो.

सुरक्षेच्या बाबतीत मी कडक आहे. खजिनदार, सहखजिनदार आणि फक्त पाहू शकणारे सभासद अशी वेगळी खाती हवीत, एकच पासवर्ड सगळ्यांत वाटणं नको. कोणी कधी कोणती नोंद बदलली याचा माग राहिला पाहिजे आणि महिना बंद केल्यावर त्याला कुलूप लागलं पाहिजे. ब्रोकरकडून व्यवहार आपोआप येत असतील तर उत्तम, पण परवानगी फक्त वाचण्यापुरती द्या. आणि सगळा डेटा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, ते पैसे भरण्याआधी स्वतः काढून बघा.

जुनी माहिती हलवताना शक्य असेल तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्यवहार भरा. चार वर्षं म्हणजे दोन-तीन शनिवार-रविवारांचं काम आहे, आणि शीटमधल्या जुन्या चुका यातच सापडतात. शीट बनवणारे सभासद जायच्या आत त्यांना सोबत बसवा, कारण “हा आकडा इथे का?” याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे असेल. त्यांचा अंतिम हिशोब दोन्हीकडे काढा. नंतर तीन महिने शीट आणि सॉफ्टवेअर समांतर चालवा आणि दर महिनाअखेरीस तीन गोष्टींचा मेळ घाला : बँकेतली शिल्लक, ब्रोकरकडची शेअरसंख्या, आणि सभासदांच्या युनिटची बेरीज. तिन्ही जुळले की शीट बंद करा, पण पुसू नका.