खजिन्याचं बेट परत वाचणार असशील तर

तू विचारलंस की लहानपणी वाचलेलं ट्रेझर आयलंड, स्टीव्हन्सनची ती समुद्री चाच्यांची कादंबरी, आता पस्तिशीत परत वाचलं तर मजा जाईल का, तर माझं स्पष्ट मत, वाच, पण आधी हातात काय आहे ते बघ. शाळेत आपण वाचलेली मराठी आवृत्ती बहुतेक संक्षिप्त असते, मूळ पुस्तक १८८३ चं, चांगली ३४ प्रकरणं. साताऱ्यात मिळालं नाही तर एखाद्या रविवारी भिलारला जा, पाचगणीजवळ, २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय ते, घराघरात बसून वाचता येतं आणि तिथली थंड हवा या पुस्तकाला फार शोभते.

आणि घाई नको करूस. ११ व्या प्रकरणात जिम, म्हणजे गोष्ट सांगणारा पोरगा, जहाजावरच्या सफरचंदाच्या पिंपात लपलेला असतो, तिथे थांब. लहानपणी मला तिथे फक्त खलाशांच्या बंडाची भीती वाटलेली, आता वाचताना काळजात चर्र झालं ते वेगळ्याच गोष्टीने, सिल्वर, जहाजावरचा स्वयंपाकी आणि आतून चाचा, दुसऱ्या एका पोराला अगदी तीच गोड स्तुती ऐकवतो जी त्याने जिमला ऐकवलेली असते. ज्याला नोकरीत कुणी असं गोड बोलून वापरून घेतलंय ना त्याला हे पान लगेच कळतं.

मध्येच १६ ते १८ प्रकरणं जिमऐवजी जहाजावरचा डॉक्टर सांगतो, तिथे जरा कंटाळा येईल, पण सोडू नकोस. आणि शेवटी सिल्वर नाण्यांची थैली घेऊन पळतो तेव्हा तुला राग येतो की बरं वाटतं ते मला नक्की सांग, मला तर बरं वाटलं.